दोन इंटरफेसवर घेतलेलं भजन: सुरुवातीला जुळतंय, शेवटी पखवाज मागं पडतोय

मांडववाला_मिरज

नमस्कार मंडळी. माझा धंदा मांडव आणि साउंडचा. लग्नं, गणपती, सप्ताह. माडीवरची एक खोली रिकामी झाली, तिथं भिंतींना गाद्या लावून रेकॉर्डिंग सुरू केलंय. शिकलेला नाही, त्यामुळं सोप्या भाषेत सांगा.

परवा आमच्याकडच्या भजनी मंडळाचं भजन घेतलं. बुवा एकदा बसले की मध्ये थांबत नाहीत, म्हणून एकच टेक, ४२ मिनिटांचा. आवाज येतो म्हणून पंखे बंद. सगळे घामानं भिजून गेले, पुन्हा बसा म्हणायची सोय नाही.

माझ्याकडं चार-चार इनपुटाची दोन यूएसबी इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायची साउंड कार्डं) आहेत, वेगवेगळ्या कंपनीची. आधी दोन्ही एकाच लॅपटॉपला लावली, पण सॉफ्टवेअरमध्ये एका वेळी एकच एएसआयओ ड्रायव्हर (कार्डाशी बोलणारा प्रोग्रॅम) निवडता येतो. मग एएसआयओ-फोर-ऑल टाकून दोन्ही एकत्र केली, तर रेकॉर्डिंगमध्ये मध्येमध्ये टिक, टिक. शेवटी पोराचा लॅपटॉप आणला. पहिल्यावर बुवा, पेटी, वीणा आणि मागं गाणारे. दुसऱ्यावर पखवाजाला दोन माइक, शाईकडं एक, धुमाकडं (खर्जाच्या बाजूला) एक, आणि टाळकऱ्यांवर दोन. सुरुवातीला एक टाळी वाजवली, शेवटी एक. दोन्ही लॅपटॉपवर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, हे तीनदा बघितलंय.

घरी येऊन रीपर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिली टाळी टाळीवर बसवली. सुरुवात झकास. दहाव्या मिनिटाला काहीतरी खटकायला लागलं. विसाव्या मिनिटाला टाळ ‘छिन्न’ऐवजी ‘छि-छिन्न’ ऐकू येतोय, कारण टाळाचा आवाज बुवांच्या माइकमध्येही शिरलाय. शेवटची टाळी बघितली तर दुसऱ्या लॅपटॉपवरची ६८ मिलिसेकंद उशिरा.

आता खरं दुखणं. पेटीवाल्यानं हे कच्चं ऐकलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “पखवाज शेवटाला ओढला जातोय.” पखवाजवाले काका तीस वर्षं वाजवतायत. काही बोलले नाहीत, चहा अर्धा ठेवून गेले. माझी खात्री आहे की त्यांचं काही चुकलेलं नाही, पण सिद्ध कसं करू?

बीट_बाय_बीट

बफर साइज (लॅपटॉप एका दमात किती आवाज साठवून उचलतो ते) १०२४ करून बघा. आणि यूएसबी हब वापरत असाल तर काढा.

मांडववाला_मिरज

हब नाही. बफर आधीच १०२४ आहे. पुन्हा लहान टेस्ट केली, काही फरक नाही.

फेडर_उजवीकडे

बफरचा इथं संबंध नाही. बफरमुळं उशीर झाला तर तो पहिल्या मिनिटाला जेवढा, तेवढाच शेवटच्या मिनिटाला असतो. ट्रॅक एकदा सरकवला की काम संपलं. तुमचा फरक वाढत चाललाय. उशीर आणि घसरण हे दोन वेगळे आजार आहेत, औषधही वेगळं.

प्रत्येक इंटरफेसमध्ये क्वार्ट्झचा एक स्फटिक असतो, घड्याळात असतो तसाच. तो ठरवतो की एका सेकंदात ४८,००० सॅम्पल, म्हणजे आवाजाची मोजमापं, नेमकी केव्हा घ्यायची. तुम्ही दोन्हीकडं ४८ निवडलंत, पण ते दोन्ही कार्डांना दिलेलं तोंडी फर्मान झालं. पाळताना एक जरा घाईत, एक जरा निवांत. हिशोब करू: ६८ मिलिसेकंद म्हणजे ३,२६४ सॅम्पल. ४२ मिनिटं म्हणजे २,५२० सेकंद. भागलं की सेकंदाला साधारण १.३ सॅम्पल, म्हणजे दहा लाखांत २७. एखादं भिंतीवरचं घड्याळ एवढं चुकलं तर दिवसाला सव्वादोन सेकंदांचा फरक पडेल. त्यासाठी कोणी दुकानदाराशी भांडायला जात नाही. तुमची दोन्ही कार्डं ठणठणीत आहेत. फक्त एकमेकांना ओळखत नाहीत.

ती टिकटिकही याच घरची. एका लॅपटॉपवर दोन कार्डं जबरदस्तीनं जोडली की एकाकडून सेकंदाला सव्वा-दीड सॅम्पल जास्त येतं. ते ठेवायचं कुठं? कधीतरी काही सॅम्पल टाकून द्यावी लागतात, नाहीतर दुसऱ्याकडची कमी पडतात. तो सांधा तुम्हाला ‘टिक’ म्हणून ऐकू येतो. दोन लॅपटॉप घेतल्यावर टिक गेली, पण आजार तोच राहिला.

आता काकांची बाजू. त्यांचं कार्ड मंद नाही, उलट जास्त वेगानं मोजतंय. ४२ मिनिटांत त्यानं तीन हजारांवर सॅम्पल जादा मोजली. ती फाइल पहिल्या कार्डाच्या चालीनं वाजवली की लांबते, आणि तिच्यातला प्रत्येक ठोका उशिरा पडतो. म्हणजे घड्याळ पुढं पळालं आणि वादक मागं पडलेला दिसला. पेटीवाल्याला एवढंच विचारा: काका ओढत होते तर टाळकरी सगळेच्या सगळे नेमके तेवढेच कसे ओढले गेले? तेही त्याच कार्डावर होते ना?

दुरुस्ती अशी. दुसऱ्या कार्डाचे चारही ट्रॅक एका गटात घ्या, म्हणजे आपापसात हलणार नाहीत. आयटम प्रॉपर्टीजमध्ये प्लेबॅक रेट १.००००२७ करा आणि ‘प्रिझर्व्ह पिच’ची खूण काढा. ही खूण राहिली तर सॉफ्टवेअर आवाज चिरून पुन्हा चिकटवतं आणि टाळासारख्या टोकदार आवाजाची वाट लागते. खूण काढल्यावर सूर चढेल अशी भीती नको. एवढ्या बदलानं एका सेंटचा विसावा भागसुद्धा सूर हलत नाही. शंभर सेंटचा एक अर्धस्वर, त्यावरून अंदाज करा. बुवांनाही कळणार नाही.

दोन प्रश्न. दोन्ही टाळ्या एकाच जागेवरून वाजवल्या का? आवाज मिलिसेकंदाला जेमतेम ३४ सेंटिमीटर जातो, त्यामुळं दोन मीटर इकडंतिकडं झालं तर सहा मिलिसेकंद तिथंच गेले. आणि मध्ये कुठं मोजलंत का? पंखे बंद, खोली तापलेली, कार्ड थंड असताना चालू केलेलं, तर सुरुवातीची घसरण नंतरच्यापेक्षा वेगळी असू शकते. स्फटिकाची चाल तापमानानं बदलते.

मांडववाला_मिरज

दादा, दोन्ही टाळ्या मीच वाजवल्या, लॅपटॉपपाशी उभा राहून. तुम्ही म्हणालात म्हणून दहाव्या मिनिटाचा टाळाचा एक ठोका धरला. बुवांच्या माइकात एक, टाळाच्या माइकात एक. माइकाच्या अंतराचा फरक पहिल्या ठोक्यावरून वजा केला. राहिले १८ मिलिसेकंद. हे बरोबर का?

फेडर_उजवीकडे

सरळ रेषेनं १६ यायला हवे होते. दोन मिलिसेकंद जास्त म्हणजे कार्ड गरम होईपर्यंत जरा वेगळं पळालं. एवढं चालेल. पण चिकित्सा करायचीच असेल तर दहाव्या मिनिटाला सगळे चार ट्रॅक एकाच जागी कापा आणि दोन्ही तुकड्यांना वेगळा रेट द्या: पहिल्याला १.००००३०, दुसऱ्याला १.००००२६. काप दोन ठोक्यांच्या मध्ये घ्या, ठोक्यावर नको. पुढच्या वेळी इंटरफेस अर्धा तास आधी चालू करून ठेवा.

अजून एक, वजाबाकी स्वतः सुचून केलीत ना? मग शिकलेला नाही वगैरे लिहू नका.

तानपुरा_आणि_तारा

पुढच्या वेळेसाठी माझं मत. दोन सुटी कार्डं जोडायच्या नादाला लागू नका. तुमच्या दोन्हींच्या मागं बघा, एडाट, एसपीडीआयएफ (दोन्ही डिजिटल आवाज नेणारे जोड) किंवा वर्ड क्लॉक (नुसतं घड्याळ नेणारा जोड) असं काही लिहिलंय का. नसेल तर बाहेरून घड्याळ आत जायला दारच नाही. मग कोणी मास्टर क्लॉकची महागडी पेटी विकायला आला तरी तिची तार लावणार कुठं?

एडाटचं इनपुट असलेलं एक इंटरफेस घ्या, उदाहरणार्थ बेहरिंगरचं यूएमसी१८२० किंवा फोकसराइटचं स्कार्लेट १८आय२०, आणि त्याला आठ प्रीअँपचा (माइकचा आवाज वाढवणाऱ्या आठ इनपुटांचा) बेहरिंगरचा एडीए८२०० जोडा. ४८ किलोहर्ट्झला एका ऑप्टिकल केबलमधून आठ चॅनल येतात. ९६ ला केबलमधून चारच येतात, पण एडीए८२०० ४८ च्या वर जातच नाही. एडीए८२०० च्या मागं क्लॉकचा स्विच आहे. एकच केबल असेल तर तो इंटर्नल ४८ वर ठेवा आणि इंटरफेसला सांगा की घड्याळ एडाटवरून घे. दोघंही इंटर्नलवर राहिले तर तुमची ती टिक टिक इथंही भेटेल. घरात कारभारी एकच.

सेकंडहँड बघा, भाड्याच्या कामाला पुरतं. आणि नव्या ऑप्टिकल केबलच्या टोकांना पारदर्शक टोपी असते ती काढा. मी ती न काढता दोन तास डोकं खाजवत बसलो होतो. हसू नका.

मॅकवाल्यांसाठी: ऑडिओ मिडी सेटअपमध्ये अ‍ॅग्रिगेट डिव्हाइस बनवून एकाला क्लॉक सोर्स करायचं आणि दुसऱ्यापुढं ड्रिफ्ट करेक्शनची खूण करायची. लिनक्सवर झीटा-एजेब्रिज हेच काम करतं. दोन्हींत कार्डाची चाल चालता चालता बदलून घेतली जाते. अडीनडीला उत्तम, रोजच्या धंद्याला मी वापरणार नाही.

मांडववाला_मिरज

काल रात्री केलं. कापून, दोन्ही रेट देऊन. शेवटची टाळी टाळीवर बसली, वेव्हफॉर्म मोठा करून बघितला तरी एक मिलिसेकंदाच्या आत. ‘छि-छिन्न’ गेलं. एवढंच काय, पखवाजाचा धुमाकडचा आवाज पातळ वाटत होता तोही भरला. मी उगाच ईक्यू फिरवत बसलो होतो.

दोन्ही कार्डांच्या मागं फक्त मिडी आहे, बाकी काही नाही. सांगलीत एकाकडं जुनं यूएमसी१८२० आहे, रविवारी बघायला जातोय. तोवर आठ चॅनलचं काम घेणार नाही.

सकाळी काकांना बोलावलं. आधी जुनं लावलं, मग नवं. शेवटची पाच मिनिटं ऐकली. मांडीवर बोटं चालू होती. संपल्यावर म्हणाले, “जुनं पुसू नको. पेटीवाला आला की त्याला आधी ते लाव.”