पंचगंगेकाठी २० गुंठे पड मळी (गाळाची जमीन): बाग करायची, पण बांधायचं काही नाही. सल्ला हवा

काठकरी: कोल्हापूरच्या बावड्याच्या खालच्या अंगाला गावची जागा आहे. पायवाट, बसायला सावली आणि पक्षी, एवढंच हवं. काहींचा पेव्हिंग ब्लॉकचा आग्रह चाललाय. झाडं कुठली आणि कधी लावायची?

गाळमाती: ब्लॉक नकोच. पूर खालची वाळू ओढून नेतो, ब्लॉक खचतात, वर वीतभर गाळ बसतो. गवत कापून ४ फुटी वाट ठेवा. गाळाखाली गेली तर पुन्हा कापायची. तारेचं कुंपणही नको, जलपर्णी अडकून आडवं होतं. बसायला मोठे दगड अर्धे पुरून टाका. त्याआधी पाटबंधारेच्या नकाशात निळी रेषा बघा. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती हद्द, तिच्या आत पक्कं बांधकाम चालत नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ च्या वर होतं, हे ब्लॉकवाल्यांना सांगा.

वाळुंज: जूनमध्ये रोपं लावू नका. जुलै-ऑगस्टच्या पाण्यात कोवळं रोप गाळाखाली गुदमरतं. पूर ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर लावा. अगदी पाण्याच्या कडेला वाळुंज (नदीकाठचं झाड) आणि शेरणी (काठावरचं झुडूप), वर करंज, जांभूळ, अर्जुन, उंबर. वाळुंजाचं रोप आणावं लागत नाही: अंगठ्याएवढी जाड, ३ फुटांची फांदी, फूटभर ओल्या मातीत खोचायची. बाकीची रोपं ५-६ फुटी घ्या, खड्डा २ फुटी. आधाराची काठी प्रवाह येतो त्या बाजूला, म्हणजे वाहून आलेला कचरा आधी काठीला अडतो. मळीत ओल टिकते, तरी पहिले दोन उन्हाळे आठवड्याला दोन बादल्या पाणी हवंच.

काठकरी: सुबाभूळ पटकन वाढते म्हणतात?

वाळुंज: म्हणून तर नको! बी पडून सगळीकडे तीच होते.

गाळमाती: आणखी एक. काठाचा उभा मातीचा कडा दिसला की लोक दगडी पिचिंग (काठाला दगडांचं अस्तर) मागतात. त्याच कड्यात खंड्या आणि वेडा राघू बिळं करतात. कडा सोडा, लव्हाळाही कापू नका, तोच माती धरतो. जलपर्णी काढलीत तर काठावर ढीग घालू नका, पुढच्या पाण्यात परत नदीत.

काठकरी: म्हशी उतरतात त्या वाटेचं काय? बंद करू?

गाळमाती: अजिबात नको. ती बंद केली की म्हशी चार नव्या वाटा पाडतात आणि काठ ढासळतो. आहे त्याच उतारावर दगड टाका, रोपं तिथून १० फूट लांब, आणि दोन वर्षं प्रत्येक रोपाभोवती बाभळीचे काटे.