‘स्टेटस=सेंट’ दिसले, म्हणजे पत्र पोहोचले का?

धागाकर्ता : पोस्टफिक्स या ईमेल पाठवणाऱ्या सर्व्हर-प्रोग्रामच्या लॉगमध्ये (नोंदवहीत) ‘स्टेटस=सेंट’ आणि २५० हा ‘स्वीकारले’ असे सांगणारा संकेतांक दिसला की प्रशासकाची जबाबदारी संपते. त्यापुढे, पत्र पोहोचले नाही असे म्हणणाऱ्या तक्रारदाराने समोरच्या संस्थेकडे विचारणा करावी. प्रत्येक ओळीचा कीस पाडत बसण्याइतका वेळ कोणाकडेच नसतो.

नोंदवाचक : असा सल्ला नवशिक्यांनी वाचावा, याची मला चीड येते. ‘सेंट’चा अर्थ पुढच्या टप्प्याने पत्र ताब्यात घेतले इतकाच आहे, आणि तो टप्पा पुष्कळदा आपल्याच यंत्रावर असतो. ‘रिले=१२७.०.०.१’ (म्हणजे आपलेच यंत्र) आणि पोर्ट १००२४ असेल, तर पत्र बहुधा केवळ अमाविस या विषाणू-स्पॅम तपासणाऱ्या प्रोग्रामकडे गेलेले असते. तेथून परतताना त्याला नवा क्यू आयडी, म्हणजे रांगेतला ओळखक्रमांक, मिळतो. ‘क्यूड ॲज’पुढचा तो आयडी शोधल्याशिवाय खरा निकाल कळत नाही. आमच्या कार्यालयाला पहिल्या ओळीवरून निविदा पोहोचल्याचे सांगण्यात आले; दुसऱ्या आयडीखाली ती ‘डिफर्ड’ (पाठवणे लांबणीवर) होऊन पडली होती आणि मुदत टळली. पोस्टफिक्स मूळ मांडणीत पाच दिवस प्रयत्न करत राहते आणि विलंबाची सूचना पाठवत नाही, त्यामुळे आम्हाला काहीच कळले नाही.

धागाकर्ता : एका निविदेवरून नियम ठरत नाही. तपासणीच्या टप्प्यापुरते तुमचे म्हणणे धरून चालू. परंतु बाहेरच्या सर्व्हरने २५० दिल्यावर आरएफसी ५३२१ या ईमेल पाठवण्याच्या मानकाप्रमाणे जबाबदारी त्याचीच असते.

नोंदवाचक : ती त्याची असते, हे मी नाकारलेले नाही. पण पत्र स्पॅममध्ये गेले की काय, हे २५० सांगत नाही. तक्रारदाराला नुसते परत पाठवण्याऐवजी वेळ आणि २५०नंतरचा संपूर्ण मजकूर द्यावा, म्हणजे समोरच्या प्रशासकाला शोध घेता येतो.

जुना प्रशासक : आपण दोघेही ओळींच्या अर्थावरून भांडत आहात, पण तक्रार येईपर्यंत ओळी उरतात कुठे? डेबियन या लिनक्स प्रणालीवर लॉगची फाइल सहसा दर आठवड्याला बदलते आणि चारच जुन्या फायली राहतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार मात्र कंपन्यांनाही लॉग १८० दिवस ठेवणे बंधनकारक आहे.

धागाकर्ता : कायदा सांगणे सोपे आहे! कोणी कोणाला कधी लिहिले, याची सहा महिन्यांची नोंद साठवणे ही कर्मचाऱ्यांच्या खासगीपणाची हानी आहे, याचा आपण विचार केला आहे का? शिवाय लहान क्यू आयडी पुन्हा वापरले जातात. सहा महिन्यांच्या लॉगमध्ये एकाच आयडीखाली भलतीच पत्रे सापडतील.

जुना प्रशासक : खासगीपणासाठी लॉग वाचण्याचे अधिकार मर्यादित करा, नोंदी पुसून टाकणे हा त्यावरचा उपाय नव्हे. आयडीचा आक्षेप खरा आहे, पण पोस्टफिक्सच्या २.९ आवृत्तीपासून लांब, पुन्हा न येणारे आयडी सुरू करण्याची सोय आहे.

धागाकर्ता : ती सोय मूळ मांडणीत बंद असते, हेही सांगा.

नोंदवाचक : म्हणूनच लॉगमधल्या ‘क्लीनअप’ या पोस्टफिक्सच्या घटकाच्या ओळीतला मेसेज-आयडी, म्हणजे पत्राचा स्वतःचा ओळखक्रमांक, आधी शोधावा. तपासणीआधीच्या आणि नंतरच्या दोन्ही नोंदींत तो तोच राहतो.