साध्या तापाला सुई कशाला? गोळी, सुई, सलाईन आणि पंप

गोदाकाठ: माजलगाव तालुक्यात माझं औषधाचं दुकान आहे. सोयाबीनची काढणी लागली की कणकण, अंगदुखी घेऊन रांग लागते, आणि सगळ्यांचं एकच: "गोळ्यानं काय होतंय, सुई मारा." डॉक्टरनं नुसती चिठ्ठी दिली की "ह्यानं तर हातबी लावला नाही" म्हणत माणूस शेजारच्या दवाखान्यात.

माझं मत सरळ आहे. उलटी होत नसेल, माणूस शुद्धीवर असेल, तर साध्या तापाला सुई नको. पॅरासिटामॉलची गोळी साधारण अर्ध्या तासात काम सुरू करते. खुब्यात टोचलेलं औषधही स्नायूतून रक्तात जायला वेळ घेतंच. वर गळू होण्याची धास्ती, आणि जागा चुकली तर नस दुखावून पाऊल लुळं पडतं. 'ताकदीच्या बाटली'चं तर नावच काढू नका. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरमध्ये २५ ग्रॅम साखर, म्हणजे शंभरेक कॅलरी. ज्वारीची एक भाकरी जास्त देते.

कोयत्याची_धार: दुकानात पंख्याखाली बसून लई सोपं हाय बोलणं. दसऱ्यानंतर साखर कारखान्यावर ऊसतोडीला गेलेल्या बाईचा इचार करा. एक खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. तिला तीन दिवसांच्या गोळ्या देऊन काय उपेग? दोन घेती, बरं वाटलं की उरलेल्या कोपीत, म्हंजे फडावरल्या झोपडीत, पडून. रक्तवाढीच्या गोळ्यांचं बी तेच. मळमळ होती, संडास काळी होती, मग पाकीट तसंच. त्यापरीस शिरेतून लोह दिलं तर अंगात गेलं हे तरी पक्कं. गोळी चांगली ती रोज दोन टाइम जेवून घेणाराला.

गोदाकाठ: लोहाचं मान्य, भाऊ. गरोदरपणात रक्त फार कमी असलं, गोळ्या सोसत नसल्या, तर शिरेतून देतातच, पण रिअॅक्शनवर लक्ष ठेवून, दवाखान्यात. मी बोलतोय तापाच्या सुईबद्दल. माझ्याकडून डायक्लोफेनॅकच्या (अंगदुखी-तापाच्या सुईच्या) अॅम्प्युल खोक्यानं जातात. दिवसभर उन्हात, पाणी न पिता राबलेल्या माणसाच्या किडनीला ते बाधू शकतं. तुमच्या फडातल्या बाईलाच पहिला धोका.

रात्रपाळीची_सिस्टर: दोघंही 'सुई म्हणजे भारी औषध' हे धरूनच भांडताय. साप चावला तर प्रतिविष शिरेतूनच जातं, चावलेल्या जागी टोचायचं नसतं. इन्सुलिन तोंडानं दिलं तर पोटात पचून जातं, म्हणून ते टोचावंच लागतं. छातीत कळ आल्यावरची सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवतात, कारण गिळली तर बरीचशी यकृतातच मोडते.

आता उलटं बघा. लाल विंचू चावला की रक्तदाब चढतो, फुप्फुसात पाणी भरतं. त्यावर जीव वाचवणारी निघाली ती प्राझोसिन, रक्तदाबाची गोळी! महाडला ते काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्या जालना जिल्ह्यातले, २०२२ चे पद्मश्री. आता जोडीला विंचवाचं प्रतिविष देतात, पण गोळी सुटलेली नाही.

दमेकऱ्याचा_लेक: सिस्टर, श्वासातून ओढायच्या दम्याच्या पंपाचं सांगा. वडिलांना धाप आहे, कापसाच्या दिवसांत जास्तच. गावात सगळे म्हणतात पंपाची सवय लागते, गोळीच बरी.

रात्रपाळीची_सिस्टर: धाप लागल्यावरच्या सालब्युटामॉलच्या पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे चाळीस दाबांइतकी. ती सगळ्या अंगात फिरते, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचं थेट श्वासनळीत जातं, म्हणून थोडक्यात भागतं. दाबणं आणि श्वास ओढणं एकाच वेळी जमत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून घ्या. बऱ्याच म्हाताऱ्या माणसांचं बरंचसं औषध तोंडात-घशातच बसतं आणि मग पंप बदनाम होतो. आणि नुसत्या धाप लागल्यावरच्या पंपावर राहू नका, रोजचा वेगळा असतो. डॉक्टरांना विचारा.

कोयत्याची_धार: हे समदं पटलं. पण गोदाकाठ, खरी गोम तुम्ही सांगत नाही. आमच्याकडं नुसतं तपासायचे पैसे कोण देतं? सुई मारली तरच माणूस खिशात हात घालतो. डॉक्टरला बी हे ठाव हाय. मग दोष एकट्या पेशंटला काहून?

गोदाकाठ: एकट्याला नाहीच देत. पण तपासणी फी वेगळी लावली की पहिली बोंब तुम्हीच मारणार, "नुसतं नळी लावून बघितलं अन् शंभर घेतले."

कोयत्याची_धार: मारणारच. गोळी कधी, किती, काय खाऊन घ्यायची हे बसवून सांगितलं तर देऊ की शंभर. आज चिठ्ठी फेकतेत अन् 'नेक्स्ट' म्हणतेत.