लाल दुवा विभक्तीमुळे

मराठी विकिपीडियावर प्रभात फिल्म कंपनीच्या पानावर [[कोल्हापुरात]] हा दुवा लाल का, असं एकानं विचारलंय. त्या नावाचं पानच नाही. पान ‘कोल्हापूर’ या नावानं आहे. प्रत्यय कंसाबाहेर काढूनही भागत नाही, कारण ‘पू’चा ‘पु’ होतो. म्हणून [[कोल्हापूर|कोल्हापुरात]] असं लिहा: उभ्या रेघेआधी पानाचं नाव, नंतर वाक्यातलं रूप. दुवा पहिल्या उल्लेखालाच पुरे.

माहितीचौकटीत (पानाच्या कडेच्या थोडक्यात माहितीच्या तक्त्यात) कंपनीचं ठिकाण म्हणून नुसतं ‘पुणे’ कृपया नको. कंपनी १९२९ साली आपल्या कोल्हापुरात सुरू झाली, १९३३ साली पुण्याला गेली. दोन्ही गावं सालासकट द्या, नाहीतर आपल्या गावाचा वाटाच पुसला जातो.

शीर्षकात ‘ऱ्य’ असेल तर जपा. तो दोन तऱ्हांनी टंकता येतो, दिसतो जवळपास सारखाच, पण पानं दोन होतात. एक ठरवून दुसऱ्यावरून पुनर्निर्देशन करा, म्हणजे दुसरं नाव उघडलं तरी वाचक ठरलेल्या पानावरच पोचेल.