पुलाच्या सांध्यावर लागणारा एबीएसचा दिवा

प्रश्न: तापीकाठ (यावल)

नमस्कार. माझी दुचाकी 2021 सालची, 200 सीसीची असून तिच्या दोन्ही चाकांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे. यावल ते भुसावळ हे माझे रोजचे जाणे-येणे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून मीटरवरील एबीएसचा पिवळा दिवा अधूनमधून लागू लागला आहे. चावी फिरवल्यावर तो लागतो आणि गाडी थोडी पुढे गेल्यावर विझतो, हे रीतसरच आहे, याची मला कल्पना आहे. माझी तक्रार त्यानंतरची आहे. एखाद-दोन दिवस काहीच होत नाही, आणि मग तापीच्या पुलावरील सांध्यांवरून किंवा गावातल्या गतिरोधकावरून चाक आदळले की दिवा जो लागतो, तो घरी पोहोचेपर्यंत विझत नाही. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की काही घडलेच नव्हते अशी स्थिती. पाऊस असेल त्या दिवशी मात्र तो पुनःपुन्हा लागतो.

बॅटरी चार वर्षांची झाली होती, म्हणून ती बदलून पाहिली. फ्यूज तपासले. दोन्ही चाकांचे सेन्सर कापडाने पुसून घेतले. फरक पडला नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी दाखवली तेव्हा त्यांच्या माणसाने ती चालवून पाहिली आणि अर्थातच त्या वेळी दिवा लागला नाही. गाडीने नोंदवलेले दोष वाचणारा स्कॅनर जोडून त्यांनी एबीएसचे मॉड्यूल, म्हणजे एबीएस चालवणारा मुख्य भाग, बदलावे लागेल असे सांगितले आणि जो खर्च सांगितला, तो गाडीच्या किमतीच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास जातो. एवढी रक्कम घालण्यापूर्वी आणखी काय तपासावे, आणि तोवर गाडी चालवणे कितपत सुरक्षित आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर: हतनूर (भुसावळ)

आपल्या प्रश्नातच निम्मे उत्तर आहे, असे मला वाटते. आदळल्यावर लागणारा आणि पावसात वाढणारा दोष हा बहुतेक वेळा तारेचा किंवा जोडणीचा असतो. मॉड्यूल बिघडले असते, तर त्याने पुलाचा सांधा येण्याची वाट पाहिली नसती. अर्थात मॉड्यूलच्या आतील टाका (सोल्डरची जोडणी) सुटू शकतो, नाही असे नाही. परंतु सर्वांत महाग भागापासून तपासणीला सुरुवात करणे मला पटत नाही.

सुरक्षिततेचे आधी सांगतो. दिवा लागलेला असताना एबीएस बंद असते, पण साधा ब्रेक पूर्वीसारखाच लागतो, कारण मॉड्यूलमधील ऑइल आत जाण्याचा व्हॉल्व्ह वीज नसताना उघडा राहील अशीच त्याची रचना असते. म्हणजे ब्रेक जाणार नाही. मात्र जोरात दाबल्यास चाक जाम होऊन घसरू शकते. आपल्या भागात केळीच्या ट्रॅक्टरमधून पडलेली पाने ओल्या रस्त्यावर चिकटून राहतात. तेथे पुढचा ब्रेक हळूहळू दाबत जाण्याची सवय तोवर ठेवावी.

आता तपासणी. चाकाबरोबर खाचांची एक रिंग फिरते आणि शेजारचा सेन्सर त्या खाचा मोजतो. समजा रिंगला 48 खाचा आहेत आणि 17 इंची चाकाचा घेर 1.86 मीटर आहे. तर ताशी 40 किलोमीटर वेगाला सेन्सरकडून सेकंदाला सुमारे 290 ठोके मॉड्यूलकडे जातात. यातले ठोके मध्येच गळू लागले, किंवा पुढच्या आणि मागच्या चाकाचे हिशेब जुळेनासे झाले, की मॉड्यूल स्वतःला बंद करून घेते आणि दिवा लावते. मग चावी बंद करून पुन्हा चालू करीपर्यंत तो तसाच राहतो, जरी दोष क्षणभराचाच असला तरी. आपल्याला जो दिवा घरापर्यंत दिसतो, त्याचे मूळ पुलावरच्या एका झटक्यात असू शकते.

एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. उभ्या गाडीची चावी फिरवून तारा हलवून पाहिल्याने काहीच कळत नाही, कारण त्या वेळी दिवा तसाही लागलेलाच असतो. त्याऐवजी असे करावे: गाडी पन्नास-शंभर पावले चालवून दिवा विझू द्यावा, मग चावी बंद न करता गाडी उभी करावी, आणि त्या अवस्थेत हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे, सेन्सरच्या तारा बोटांनी हलवाव्यात, कनेक्टर दाबून पाहावेत. तार तुटत असेल, तर मॉड्यूलला ते चाक न फिरताही कळते आणि दिवा तत्काळ लागतो. काहीही केले तरी तो लागला नाही, तर दोष तारेत नसून चाक फिरतानाच्या ठोक्यांत आहे असे समजून रिंग आणि बेअरिंग यांकडे वळावे. मल्टिमीटरने सेन्सरचा रोध (रेझिस्टन्स) मात्र सरसकट मोजू नये. अलीकडच्या बहुतेक गाड्यांच्या सेन्सरमध्ये आत इलेक्ट्रॉनिक भाग असतो आणि त्याच्या रोधाच्या आकड्यावरून काही निष्पन्न होत नाही.

आणखी एक विचारतो. जूनच्या आधी गाडीचे काही काम झाले होते का? चाक काढले होते का?

उत्तर: बोरीकाठ (अमळनेर)

बॅटरी आपण बदलली हे योग्यच केले; आमच्याकडचा वायरमन तर कोणत्याही तक्रारीवर "पहिले बॅटरी देख, मंग बाकीनं" एवढेच म्हणतो आणि दहांत सहा वेळा तो खरा ठरतो. पण नवी बॅटरी बसवली म्हणजे चार्जिंग ठीक आहे असे होत नाही. इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांवर ठेवून बॅटरीच्या टोकांवर 13.5 ते 14.5 व्होल्ट मिळतात का, ते पाहावे. टोकांचे स्क्रू घट्ट आहेत का, हेही पाहावे. घाईत बसवलेल्या बॅटरीचा स्क्रू अर्धाच आवळलेला मी स्वतःच्या गाडीत पाहिला आहे, आणि तो सैल स्क्रूही खड्ड्यातच बोलायचा.

उत्तर: शेवगे (चोपडा)

एवढा विचार कशाला करता? एबीएसचा फ्यूज काढून ठेवा. आमच्या वडिलांच्या गाडीला ड्रम ब्रेक होते, त्यांचे काही अडले नाही.

उत्तर: लळिंग (धुळे)

फ्यूज काढल्यास दिवा कायमचाच लागेल, म्हणजे तक्रार मिटण्याऐवजी पक्की होईल. शिवाय 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरील प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचे आहे, ते उगाच नव्हे. वडिलांच्या काळी रस्त्यावर गाड्या किती होत्या आणि त्या कोणत्या वेगाने जात, हेही लक्षात घ्यायला हवे.

हतनूर यांच्या मताशी मी निम्माच सहमत आहे. आदळल्यावर दिवा लागतो, म्हणून तारच, असे म्हणता येणार नाही. पुढच्या चाकाच्या बेअरिंगमध्ये खेळ असेल, तरी चाक आदळताना रिंग क्षणभर सेन्सरपासून दूर जाते. सेन्सर आणि रिंग यांमधील फट साधारणतः एक मिलिमीटरच्या आगेमागे असते, गाडीगणिक वेगळी. त्यात अर्ध्या मिलिमीटरचा फरकही पुरेसा होतो. गाडी मेन स्टँडवर घ्यावी, पुढचे चाक अधांतरी करावे, वर आणि खाली धरून हलवून पाहावे. मग चाक सावकाश फिरवून फट सगळीकडे सारखी राहते का, ते फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) पाहावे. टायर काढताना पंक्चरवाल्याची पहार रिंगला लागून ती किंचित वाकते, तेव्हा प्रत्येक फेरीत एकाच जागी फट वाढते. अ‍ॅक्सलवरचे बुश डावे-उजवे बदलून बसवल्यानेही असेच होते. आमच्या धुळ्यात महामार्गाच्या कडेला पंक्चर काढून घेतलेल्या गाड्यांत हा प्रकार मी दोनदा पाहिला आहे.

हो, आणि एक सावधगिरी: मेन स्टँडवर गाडी चालू करून मागचे चाक गिअरमध्ये फिरवू नये. चेनला तेल देताना अनेक जण तसे करतात. पुढचे चाक थांबलेले आणि मागचे पळतेय, हे पाहून मॉड्यूल दोष नोंदवते आणि दिवा लागतो. मग एका दोषाच्या शोधात दुसराच हाती लागतो.

सर्व्हिस सेंटरला स्कॅनरवर दोषाचा कोणता कोड आला, तो आकड्यासह लिहून मागावा. चाकाच्या सेन्सरचा कोड आणि मॉड्यूलच्या मोटरचा किंवा व्हॉल्व्हचा कोड हे वेगवेगळे असतात. कोड न सांगता नुसता खर्च सांगणारा मेकॅनिक मला विश्वासार्ह वाटत नाही.

तापीकाठ (यावल)

दोघांचेही मनापासून आभार. हतनूर यांनी विचारल्यावर आठवले: मे महिन्याच्या शेवटी पुढचे चाक पंक्चर झाले होते आणि रस्त्यावरच्याच दुकानात चाक पूर्ण काढून ट्यूब बदलली होती. उन्हाचा कडाका एवढा होता की मी झाडाखाली जाऊन बसलो आणि चाक कसे बसवले जाते, ते पाहिले नाही. दिवा त्यानंतर पंधरवड्याने लागू लागला, म्हणून या दोन गोष्टींचा संबंध माझ्या ध्यानातच आला नव्हता.

सर्व्हिस सेंटरमध्ये फोन करून कोड विचारला. पुढच्या चाकाच्या सेन्सरचा सिग्नल, असे तो निघाला. मॉड्यूलचा एकही कोड नव्हता. मग मॉड्यूल का सुचवले, या प्रश्नावर समाधानकारक उत्तर मिळाले नाही. रविवारी दोन्ही तपासण्या करतो.

उत्तर: हतनूर (भुसावळ)

आता पुढचे चाकच पाहा. हँडल फिरवण्याबरोबरच पुढचा ब्रेक धरून शॉकअप खाली दाबून सोडायला विसरू नका. सेन्सर चाकाबरोबर वर-खाली होतो आणि तारेचे वरचे टोक गाडीला बांधलेले असते, त्यामुळे शॉकअप पूर्ण उघडते तेव्हा तारेला सर्वांत जास्त ताण बसतो.

तापीकाठ (यावल)

रविवारी सकाळी, ऊन चढण्याआधी, तपासणी केली. आधी लळिंग यांनी सांगितल्याप्रमाणे चाक उचलून हलवले; खेळ नाही. फट सगळीकडे सारखी. रिंग सरळ आहे, फक्त खाचांत काळ्या मातीचा वाळलेला गारा होता, तो ब्रशने काढला. बॅटरीवर 14.1 व्होल्ट.

मग गल्लीत एक चक्कर मारून दिवा विझू दिला आणि चावी चालूच ठेवून गाडी उभी केली. हँडल फिरवले, काही झाले नाही. कनेक्टर हलवला, काही झाले नाही. पुढचा ब्रेक धरून शॉकअप तीनदा दाबून सोडले, आणि तिसऱ्यांदा ते वर येत असताना दिवा लागला. खरे सांगायचे तर इतका आनंद मला गाडी घेतली त्या दिवशीही झाला नव्हता.

सेन्सरची तार मडगार्डच्या आतील बाजूने जाते आणि तेथे ती एका प्लॅस्टिकच्या क्लिपमध्ये बसते. क्लिप मोकळी होती. चाक काढताना तार तिच्यातून निघाली आणि परत बसवलीच गेली नाही, असे दिसते. त्यामुळे प्रत्येक धक्क्याला ती मडगार्डच्या कडेवर घासत होती. वरचे आवरण उडदाच्या दाण्याएवढे सोलले गेले होते, आतल्या दोन तारांपैकी एकीचे तांबे उघडे पडून हिरवट झाले होते आणि तिचे चार-पाचच धागे शाबूत होते. वाकवले की तुटणार, सोडले की टेकणार. पावसात का वाढत होते, तेही तेव्हा समजले.

तूर्त टाका मारून वर आकसणारी नळी चढवावी का, की सेन्सरच बदलावा?

उत्तर: हतनूर (भुसावळ)

सेन्सर तारेसह बदला. टाका मारलेली जागा सतत हलणाऱ्या भागात असेल, तर टाक्याच्या शेजारीच तार पुन्हा तुटते, आणि ब्रेकच्या बाबतीत ती जोखीम घेऊ नये. नवा येईपर्यंत चार-आठ दिवस काढायचे असतील, तर टाका चालेल. नव्या सेन्सरचा स्क्रू प्रमाणाबाहेर आवळू नका. त्याचे कान प्लॅस्टिकचे असतात.

तापीकाठ (यावल)

नवा सेन्सर जळगावहून मागवला, काल बसवला. जुनी क्लिप सैल झाली होती, तीही नवी घेतली, दहा रुपयांची. आज पावसात पुलावरून दोनदा गेलो-आलो, मुद्दाम प्रत्येक सांध्यावरून. दिवा लागला नाही.