फोटोग्राफी शिकताना आधी अ‍ॅपर्चर की आधी सेन्सर?

धागाकर्ता : नवशिक्यांना आपण अजूनही अ‍ॅपर्चर (प्रकाश आत सोडणारे लेन्सचे भोक), शटर (ते किती वेळ प्रकाश येऊ देते) आणि आयएसओ (फोटो किती उजळवायचा याचे माप) या त्रिकुटापासूनच शिकवतो, माझ्या मते सुरुवात सेन्सरपासून, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपपासून व्हायला हवी. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांना १९७६ साली ज्या रचनेचे पेटंट मिळाले, तिच्यात प्रत्येक पिक्सेलवर एकाच रंगाची गाळणी असते : निम्म्यांवर हिरवी, उरलेल्यांपैकी अर्ध्यांवर लाल आणि अर्ध्यांवर निळी. फोटोत मात्र प्रत्येक पिक्सेलला तिन्ही रंग लागतात, म्हणजे त्यातली दोन तृतीयांश रंगमूल्ये शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने भरलेली असतात. हे ठाऊक नसले, की बारीक विणीच्या साडीवर उमटलेले, मुळात कापडात नसलेले रंगीत पट्टे लेन्सच्या माथी मारले जातात.

प्रतिसाद १ : असहमत. खिडकीशी बसलेल्या आजींच्या अर्ध्या चेहऱ्यावरच उजेड आहे, हे ज्याच्या डोळ्याला अजून टिपता येत नाही, त्याला गाळण्यांचा हिशेब सांगून काय साधणार? आधी नजर तयार होऊ द्या.

प्रतिसाद २ : नजरेचे मान्य, पण बहुतेकांच्या हातात फोन असतो आणि बहुतेक फोनांचे अ‍ॅपर्चर बदलताच येत नाही, मग त्रिकुट शिकवायचे कशावर? गूगलच्या एचडीआर प्लस पद्धतीत मुद्दाम कमी एक्स्पोजरच्या, म्हणजे कमी प्रकाश घेतलेल्या अनेक फ्रेम (एकामागून एक काढलेले फोटो) घेऊन त्या एकमेकींशी जुळवतात आणि एकत्र करतात. सारख्या नऊ फ्रेमांची सरासरी काढली, की नॉइज, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा, एक तृतीयांशावर येतो. पणतीची ज्योत जळून पांढरी न होता मागचा चेहराही दिसतो, तो यामुळे. मात्र रांगोळी घालणारा हात हलला, तर ती जुळणी तिथे फसू शकते.

प्रतिसाद १ : नऊ फ्रेम म्हणजे नऊपट प्रकाश गोळा करणेच ना? शटर नऊपट वेळ उघडे ठेवून आम्ही तेच करत आलो. फिरून गाडी उजेडावरच आली!

धागाकर्ता : आली खरी, आणि म्हणूनच त्रिकुटातला तिसरा भिडू मला खटकतो. आयएसओमुळे सेन्सरवर एक कणही जास्त प्रकाश पडत नाही, नुसता संकेत वाढवला जातो. तरी ‘आयएसओ वाढवला की नॉइज येतो’ हे आपण पाढ्यासारखे घोकून घेतो. अ‍ॅपर्चर आणि शटर तेच ठेवून एक रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला) फोटो आयएसओ ४०० वर आणि एक ३२०० वर काढायला लावा, मग पहिला संगणकावर तीन स्टॉप, म्हणजे आठपट उजळवा. अनेक आधुनिक सेन्सरांवर दोघांतला नॉइज जवळपास सारखाच दिसेल. विद्यार्थी ‘असे का?’ म्हणून विचारतील, तेव्हा त्रिकुटाच्या आधारे काय उत्तर द्याल?