मदत हवी आहे : वाचनालयातले जुने संगणक ठेवायचे की बदलायचे?

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या ड वर्ग वाचनालयात देणगीतून आलेले चार जुने संगणक आहेत. सगळे सहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचे, विंडोज १०वर चालणारे. गावातली मुलं एमपीएससीचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज इथेच बसून भरतात. घरी फक्त मोबाईल, त्यावर लांबलचक अर्ज भरताना फार हाल होतात त्यांचे.

विंडोज १०चा नेहमीचा आधार, म्हणजे मोफत सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि साधारण आठव्या पिढीपुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे आमची यंत्रं बाद. चांगली धडधाकट यंत्रं भंगारात घालायला माझं मन अजिबात तयार नाही. समितीतले काहीजण म्हणतात, नवे घ्या. पण कोपायलट प्लस वर्गातला, म्हणजे एआयची कामं करणारा नवा संगणक घ्यायचा तर त्याला वेगळा एनपीयू (एआयसाठीचा प्रोसेसर) आणि किमान १६ जीबी रॅम लागते. एवढा पैसा आमच्याकडे नाही, आणि अर्ज भरायला त्याची गरज तरी आहे का?

मला विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली टाकावीशी वाटतेय. कुणी शाळेत किंवा वाचनालयात वापरलंय का? त्यात इनस्क्रिप्ट कीबोर्डने मराठी टायपिंग नीट होतं का? जुने प्रिंटर चालतात का?

सगळ्यात मोठी काळजी वेगळीच आहे. वाचनालयाची जुनी इतिवृत्तं आणि पुस्तकांची यादी श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये आहे. ती युनिकोडमध्ये (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) आणताना जोडाक्षरं, रफार बिघडतात. खात्रीचा मार्ग माहीत असेल तर कृपया सविस्तर सांगा. पुढच्या बैठकीत निर्णय घ्यायचा आहे.